बाजाराचे छप्पर

शहरांचे इतिहास लिहिताना किल्ले, राजवाडे, देवळे आणि लढाया यांची नोंद अगत्याने केली जाते. बाजाराच्या वाट्याला मात्र एखादे ओझरते वाक्यच येते. वास्तविक, वस्तीचे शहर होते ते बाजारामुळे. राजा गेला, किल्ल्याच्या भिंती ढासळल्या, तरी पेठ चालू राहिली तर शहर राहते. पेठ उठली की राजधानीचेही खेडे होण्यास वेळ लागत नाही. आणि बाजाराविषयी लिहिताना आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे त्याचे छप्पर. दुकानात काय विकले जाई, भाव काय होता, याची माहिती मिळते. परंतु ज्या छपराखाली शंभर-दोनशे लहान दुकानदार शेजारी शेजारी बसत, ते छप्पर कोणी बांधले, कोणाच्या पैशाने बांधले आणि पुढे ते कोणाच्या हाती राहिले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते लहान व्यापाऱ्याच्या स्वातंत्र्याचा सारा इतिहास या एका प्रश्नात साठवलेला आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचावा असे आमचे वास्तव्यही आहे. बंगळूरच्या पूर्वेकडील इंदिरानगर ही वसाहत १९७०च्या दशकात आखली गेली. येथे रुंद रस्ते आहेत, झाडे आहेत, दुकानांची तर गर्दी आहे. परंतु जुन्या अर्थाने जिला छपराखालची पेठ म्हणता येईल अशी एकही जागा नाही. जे आपल्या अंगणात नसते त्याची किंमत माणसास अधिक कळते. म्हणून प्रथम बाहेरचा, मग आपल्या मराठी मुलुखाचा, आणि शेवटी या बंगळूर शहराचा, असा या छपराचा शोध घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आच्छादित बाजाराची कल्पना पूर्वेकडची आहे. १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकल्यानंतर काही वर्षांतच दुसऱ्या मेहमेद सुलतानाने तेथे जो मोठा बाजार बांधविला, तो आजही चालू आहे. त्याचे भाडे सुलतानाच्या खिशात जात नसे. आयासोफिया मशिदीच्या धर्मादायाकडे ते लावून दिलेले होते. म्हणजे छप्पर धर्मसंस्थेचे आणि गाळा व्यापाऱ्याचा. पश्चिमेकडे ही कल्पना पोहोचली ती पुष्कळ उशिरा आणि निराळ्या कारणाने. १८००च्या सुमारास पॅरिसचे रस्ते चिखलाचे होते, पायी चालणाऱ्यास गाड्यांपासून संरक्षण नव्हते. अशा वेळी दोन रस्त्यांना जोडणाऱ्या, काचेच्या छताच्या गल्ल्या धनिकांनी बांधल्या आणि त्यांत लहान लहान दुकाने भाड्याने दिली. लंडनमध्ये १८१९ साली उघडलेली बर्लिंग्टन आर्केड ही त्याच जातीची. तिचे स्वतःचे पहारेकरी होते. तेथे शीळ घालण्यास, धावण्यास, उघडी छत्री नेण्यास मनाई होती. छप्पर सरदाराचे असल्यामुळे नियमही सरदाराचे, हे ओघानेच आले.

या गल्ल्यांतील लहान दुकानदाराचे दिवस फिरले ते पावसामुळे किंवा चिखलामुळे नव्हे. १८५२ पासून बुसिको याने पॅरिसच्या ‘बों मार्शे’ या दुकानाचा विस्तार सुरू केला, आणि एकाच धन्याच्या एकाच छपराखाली कापड, हातमोजे, छत्र्या, गालिचे असे सर्व काही निश्चित भावाने मिळू लागले. एमिल झोला याने १८८३ साली आपल्या कादंबरीत अशाच एका प्रचंड दुकानाचे आणि त्याच्या सावलीत सुकत गेलेल्या शेजारच्या लहान दुकानांचे चित्र काढले आहे. बाहेरून पाहणाऱ्यास गल्ली काय आणि मोठे दुकान काय, दोन्ही छपराखालचेच बाजार. परंतु पहिल्यात शंभर धनी होते, दुसऱ्यात एक धनी आणि शंभर नोकर. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा; कारण आपल्याकडील कथेतही तो पुढे येणार आहे.

आपल्याकडे वळताना प्रथम पुण्याचे तुळशीबाग आठवते. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे, जे पुढे तुळशीबागवाले या नावाने प्रसिद्धीस आले, त्यांनी १७६०च्या दशकात तुळशीच्या बागेच्या जागी राममंदिराचे काम सुरू केले. देवळाभोवती आवार आले, आवाराभोवती ओवऱ्या आल्या आणि ओवऱ्यांच्या आश्रयाने दुकाने आली. पितळी देव, समया, भातुकलीची भांडी, कुंकवाचे करंडे, मण्यांच्या माळा. मराठी घरास लागणारी किती तरी लहानसहान वस्तू पिढ्यान्‌पिढ्या या आवारातून घरोघर गेली. येथे इस्तंबूलची आठवण होते. छप्पर देवाचे, गाळा आपला. देवळाच्या सावलीत बसणाऱ्या दुकानदारास भांडवल थोडे लागे आणि गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. दर्शनाला आलेली बाई परतताना काही ना काही घेऊन जाई. मोठ्या शहरात लहान माणसाने उभे राहावे कसे, याचे उत्तर पुण्याने अशा रीतीने, कोणताही सिद्धांत न मांडता, दिलेले होते.

पुढे इंग्रजी अमलात देवाची आणि सरदाराची जागा म्युनिसिपालिटीने घेतली, आणि त्याबरोबर एक नवी व्यक्ती या इतिहासात आली. ती म्हणजे करदाता. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर स्वच्छ व सुंदर करण्याचा जो धडाका लावला, त्यातील एक मुख्य काम म्हणजे १८६९ मध्ये पूर्ण झालेले त्यांच्या नावाचे मार्केट. आराखडा विल्यम इमर्सन यांचा; दर्शनी भागावरील शेतकऱ्यांची शिल्पे आणि आतील कारंजे यांचे काम लॉकवुड किपलिंग यांचे. लोखंडी खांबांवर उचललेले उंच छत, खालून खेळणारी हवा, उतरती फरसबंदी. भाजी, फळे आणि मांस यांची वेगळी दालने. उघड्यावर माशा घोंघावणाऱ्या बाजाराशी तुलना केली, तर ही मोठीच सुधारणा होती, यात शंका नाही.

परंतु सुधारणेचा खर्च कोणी सोसावा? क्रॉफर्ड यांच्या सढळ हाताने म्युनिसिपालिटी कर्जात बुडाली आणि १८७१ साली मुंबईच्या करदात्यांनी मोठी चळवळ केली. नौरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे नेते तीत अग्रभागी होते. क्रॉफर्ड यांना जावे लागले. आणि १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या नगरकारभारात करदात्यांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींना प्रथम स्थान मिळाले. केवळ मार्केटमुळे हे घडले असे आम्ही म्हणत नाही. रस्ते, गटारे आणि इतर कितीतरी कामे त्या खर्चात होती. तथापि बाजाराचे भव्य छप्पर आणि नागरिकाचा मताचा हक्क ही दोन एकाच वादळातून निघाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

याच मुंबईत आणखी एक तऱ्हा दिसते, तीही येथे नोंदविली पाहिजे. किल्ल्याचे तट पाडल्यानंतर रुंद झालेल्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, इमारत बांधणाऱ्याने तळमजल्यावर कमानींची पडवी पादचाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी, असा नियम १८९६ साली झाला. इमारत ज्याची त्याची, रूप ज्याचे त्याचे. परंतु पडवी सर्वांची. ऊन असो की श्रावणातली सर असो, कोरड्या अंगाने दुकानांसमोरून चालता येते ते या नियमामुळे. खाजगी मालमत्तेतही छप्पर सार्वजनिक ठेवता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता पुण्याची कथा, जी आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद वाटते. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरे. त्यासाठी पक्की मंडई बांधावी असा बेत म्युनिसिपालिटीत निघाला, तेव्हा जोतीराव फुले हे सभासद होते. १८७६ ते १८८२ या काळात ते त्या सभेत बसत. या बेतास त्यांनी कसून विरोध केला. वरवर पाहता हे आश्चर्याचे वाटते. जोतीराव स्वतः माळी कुळातले. शेती आणि भाजीपाल्याचा व्यापार यांच्याशी त्यांचा घरोबा. शिवाय बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते भागीदार. भाजी विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर यावे, याला त्यांनी विरोध का करावा? त्यांचे म्हणणे असे होते की, गरिबांच्या मुलांच्या शिक्षणास पैसा नसताना एवढी मोठी रक्कम इमारतीवर घालणे योग्य नव्हे. ज्या शेतकऱ्याची भाजी तेथे विकली जाणार, त्याच्या पोराला शाळा नाही. मग त्या छताच्या नक्षीचे त्याला काय होय?

विरोध टिकला नाही. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी हे काम उभे केले. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूकडे निघालेली दालने अशी ती देखणी इमारत १८८६ मध्ये खुली झाली आणि तत्कालीन गव्हर्नरांचे नाव घेऊन ‘रे मार्केट’ म्हणविली जाऊ लागली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेच्या कारभारात असताना तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचेही नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे झाले. मौज अशी की, ज्याने मंडईच्या खर्चास विरोध केला त्याच्याच नावाने महाराष्ट्रातील दोन सर्वांत प्रसिद्ध मंडया आज ओळखल्या जातात. कोणी याला विसंगती म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. छप्पर कोणासाठी, हा प्रश्न ज्याने विचारला त्याचेच नाव छपरावर कोरले जावे, यात इतिहासाने काही चुकीचे केले असे आम्ही मानीत नाही.

कारण मंडई पुढे खरोखरच लोकांची झाली. ज्या इमारतीत खाली भाजीचे ओटे होते, तिच्याच वरच्या मजल्यावर कित्येक वर्षे नगरपालिकेचे कार्यालय होते. नगरपित्यास आपल्या खुर्चीकडे जाताना गाळेधारकांच्या डोळ्यांसमोरून जावे लागे. मंडईतल्या मोकळ्या आणि तिखट राजकीय चर्चेमुळे तिला ‘मंडई विद्यापीठ’ असे नाव पडले, ते वाचकांस ठाऊक असेलच. १८९४ पासून तेथे सार्वजनिक गणपती बसतो. बडोद्यातही अशीच सांगड दिसते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बांधविलेल्या खंडेराव मार्केटची जोड बडोद्याच्या नगरपालिकेशी अशीच जुळली, आणि शहराचा कारभार आज त्याच इमारतीतून चालतो. बाजार आणि नगरकारभार एका छपराखाली असावेत, ही कल्पना केवळ सोयीची नव्हती. ज्यांच्यापासून भाडे घ्यावयाचे त्यांना तोंडही द्यावयाचे, असा त्यात एक अलिखित करार होता.

या छपराने लहान दुकानदारास नेमके काय दिले, हे थोडे विस्ताराने पाहू. पहिली गोष्ट, ठरलेले भाडे. दुसरी, सामाईक पाणी, पहारा आणि सफाई. एकट्याने ज्याचा खर्च झेपला नसता, तो वाटून झेपला. तिसरी, शेजार. कांद्याच्या शेजारी कांदाच विकणारा बसला म्हणजे भाव आपोआप ताळ्यावर राहतो. आणि हेच दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना सुटे पैसे देतात, एक जेवायला गेला तर दुसरा त्याचे गिऱ्हाईक सांभाळतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मर्जी. आज कोणता माल ठेवायचा, कोणास उधार द्यायचे, दुकान केव्हा बंद करायचे, हे त्याचे तो ठरवितो. मोठ्या दुकानातील पगारी विक्रेत्यास यांपैकी एकही अधिकार नसतो. स्वतंत्र दुकानदार म्हणजे एकटा दुकानदार नव्हे. सामाईक छपराखालीच तो स्वतंत्र राहू शकला.

या दृष्टीने आपण ज्या शहरात राहतो त्या बंगळूरकडे पाहू. १५३७ साली केंपेगौडांनी वसविलेल्या या नगरीत पेठेला ‘पेटे’ म्हणतात. मराठी माणसास या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. पुण्याच्या पुष्कळ पेठांना वारांची किंवा माणसांची नावे आहेत, तर येथील पेठांना मालाची आणि कसबांची. अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, अरळेपेटे कापसाची, गाणिगरपेटे तेल्यांची. १६३८च्या सुमारास हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि सुमारे अर्धशतक भोसल्यांकडे राहिले. नंतर मोगलांच्या हातून १६९० मध्ये ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. राज्ये बदलली, परंतु पेटे जागच्या जागी राहिल्या. मराठी बोलणारे शिंपी आणि रंगारी समाज या शहरात स्थिरावले, ते या पेटांच्या आधारानेच.

येथे पक्के छप्पर आले ते विसाव्या शतकात. किल्ल्याजवळ, जेथे पूर्वी सिद्दीकट्टे नावाचे तळे होते आणि १७९१ च्या युद्धात जेथे रणधुमाळी झाली, तेथे १९२१ मध्ये चौथ्या कृष्णराज वडियारांच्या नावाचे मार्केट उभे राहिले. शहराची फुले आजही पहाटे तेथूनच निघतात. छावणीच्या भागात, आजच्या शिवाजीनगरात, १९२७ साली रसेल मार्केटचे काम सुरू झाले आणि १९३३ मध्ये ते उघडले. तेथील फळे, भाजी आणि मांस यांची दालने पाहिली की मुंबईच्या मंडईचा नमुना डोळ्यांसमोर होता हे लगेच कळते. २५ फेब्रुवारी २०१२ च्या पहाटे या मार्केटात मोठी आग लागली आणि पुष्कळ दुकाने भस्मसात झाली. अशा आगीनंतर काय होते, याचा अनुभव शेजारच्या मद्रासला होता. तेथील १९०० साली पुरे झालेले मूर मार्केट १९८५ मध्ये जळाले, आणि त्या जागी रेल्वेची इमारत आली. जुन्या पुस्तकांचे दुकानदार पांगले. बंगळूरला मात्र तसे झाले नाही. रसेल मार्केटातील व्यापाऱ्यांनी सरकारी मदतीची वाट न पाहता आपापसांत पैसा उभा करून दुरुस्ती केली. छप्पर कागदोपत्री नगरपालिकेचे. परंतु ते जळाल्यावर आपलेच आहे असे मानणारी माणसे खाली होती, म्हणून ते राहिले.

येथे कोणी आक्षेप घेईल की, सार्वजनिक छपराचे आम्ही फार कौतुक करीत आहोत. आक्षेप खरा आहे. मंडयांत घाण असते, गळके पत्रे असतात, वर्षानुवर्षे न वाढलेल्या भाड्याचे गाळे पोटभाड्याने भलत्याच किमतीस दिले जातात. आणि केवळ मालकी सार्वजनिक असली म्हणजे लहान दुकानदार वाचतो असेही नव्हे. १८७७ मध्ये पुरी झालेली मिलान शहराची प्रसिद्ध काचेची गॅलरी आज नगरपालिकेच्याच मालकीची आहे. परंतु तेथील जागांचे लिलाव होतात आणि त्या जगातील श्रीमंत वस्त्रव्यापाऱ्यांकडे जातात. छप्पर सुंदर राहिले, नगरपालिकेची तिजोरी भरली, पण सामान्य विक्रेता तेथे राहिला नाही. म्हणून मालकी कोणाची याबरोबरच हेतू कोणता, हेही विचारावे लागते.

हे दोन्ही प्रश्न इंदिरानगरात आज निरुपयोगी नाहीत. ही वसाहत राहण्यासाठी आखली गेली, व्यापारासाठी नव्हे. जवळच्या जुन्या हलसूरच्या बाजारावर तिची प्रथम भिस्त होती. पुढे चिन्मय मिशन रुग्णालयाच्या रस्त्यावर दुकाने आली. मग शंभर फुटी रस्त्यावरील बंगल्यांचे तळमजले दुकानांना आणि उपाहारगृहांना गेले. या दुकानदाराच्या डोक्यावर आहे ते घरमालकाचे छप्पर. भाडे वाढले की शिंपी जातो, वाण्याचे दुकान जाते आणि त्या जागी देशभर शाखा असलेली मंडळी येतात. मेट्रोचा मार्ग ठरला तेव्हा रुग्णालयाच्या रस्त्यावरील व्यापाऱ्यांनी विरोध केला. तरी २० ऑक्टोबर २०११ रोजी शहरातील पहिली मेट्रो याच रस्त्यावरून धावली. प्रवाशांची मोठी सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कामाच्या काळात ज्यांची विक्री बसली त्यांच्यापाशी मंडईसारखे एकत्र बसण्याचे ठिकाणही नव्हते.

छपराच्या जुन्या कल्पनेच्या जवळ जाणारी एकच वास्तू येथे आहे. ती म्हणजे नगरविकास प्राधिकरणाने बांधलेले संकुल. तिला मनोरा नाही, शिल्पे नाहीत, कोणी ती पाहावयास येत नाही. पण लहान दुकाने आणि सरकारी कार्यालये तेथे एका छपराखाली आहेत, आणि हीच तर पुण्या-बडोद्याची सांगड होती. अलीकडच्या वर्षांत हे संकुल पाडून खाजगी भागीदारीने नवे व्यापारी संकुल उभारण्याची योजना प्राधिकरणाने पुढे आणली आणि रहिवाशांनी तीस हरकती घेतल्या. जुनी इमारत जशीच्या तशी राहावी असा आमचा आग्रह नाही. तिची डागडुजी हवी, हे डोळ्यांना दिसते. आमचा प्रश्न जोतीरावांचा आहे. खर्च कोणाचा आणि छप्पर कोणासाठी? नव्या इमारतीत आज बसलेल्या दुकानदारास त्याला परवडेल अशा भाड्याने जागा राहणार असेल, आणि तसे करारात लिहिले जाणार असेल, तर ती बांधावी. तसे नसेल, तर शंभर धन्यांच्या जागी एक धनी आणण्यासाठी सार्वजनिक भूमी वापरली जात आहे, असे स्पष्ट म्हणावे लागेल.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा या प्रश्नाशी काय संबंध, असे विचारले जाण्याचा संभव आहे. संबंध असा की, परक्या शहरात माणूस प्रथम रुजतो तो बाजारात. भाषा येण्यापूर्वी भाजीवाल्याशी ओळख होते. कन्नडचे आमचे पहिले आकडे भाव विचारतानाच आम्ही शिकलो. ओळख होण्यासाठी तोच माणूस त्याच जागी पुढच्या वर्षीही असावा लागतो. हे स्थैर्य बाजाराच्या छपराने शेकडो वर्षे दिले. ते टिकवावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार १८७१ च्या मुंबईतील करदात्यांनी झगडून मिळविला. आपल्या नगरकारभाराच्या दारी जाऊन तो वापरणे, एवढेच आपल्या हाती उरले आहे.